मुरुमाची बाग, काळीची हळद

28 सप्टेंबर, वसमत

आबांच्या डोक्यात द्राक्ष शिरलं आहे. औंढ्याच्या बाजूला त्यांचा सात एकर माळ आहे. निव्वळ मुरमाड, फाळ वीतभर गेला की खडकाला लागतो. सोयाबीन तिथे कधी गुडघ्याला आलं नाही. वाइनच्या द्राक्षाला अशीच भिकार जमीन लागते असं त्यांना कुणीतरी सांगितलं आणि काल रात्री जेवण टाकून ते आमच्या ओसरीवर येऊन बसले. "मास्तर, तुमचा भाचा दिंडोरीच्या बागेत हाय ना? मग विचारा की त्याला. कंपनीवाले आपल्याकडं का येत न्हाईत?"

वाइन हा शब्द आबा जरा हळू आवाजात उच्चारतात. घर माळकऱ्यांचं. 2022 च्या जानेवारीत सरकारने सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा पारावर जी खडाजंगी झाली त्यात आबांचाच आवाज चढलेला होता. आता म्हणतात, पिकवणं वेगळं आणि पिणं वेगळं. ऊस लावतोच की आपण, कारखान्यातून निघालेल्या मळीचं पुढं काय होतं ते कुणी विचारलंय? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते गेल्यावर नकाशा काढून बसलो. नाशिक 20 अंश उत्तर अक्षांशावर, हिंगोली पावणेवीसच्या आसपास. खाली खडकही एकच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून झालेला दख्खनचा काळा पाषाण तिकडेही आहे आणि आपल्या विहिरीतही. वाइनचे जुने नामांकित प्रदेश 30 ते 50 अंशांच्या पट्ट्यात येतात, त्या हिशेबाने नाशिकही बाहेरच बसतं. अक्षांश जवळपास तोच, खडक तोच, मग बाग तिकडे आणि हळद इकडे कशी? शाळेत भूगोल आणि विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला असा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही. नाशिकला जायला तपोवन एक्सप्रेसचं तिकीट काढलं.

3 ऑक्टोबर, जालना

मध्येच उतरून कडवंची पाहिली. द्राक्ष पाहायला नाशिकलाच जावं लागतं या समजाला हे गाव म्हणजे चांगलं उत्तर आहे. जालन्याजवळचं हे गाव एके काळी टँकरवर जगत होतं. 1996 च्या सुमाराला इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम इथे आला, विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती केली. मग शेततळी झाली, आणि शेततळ्यांच्या जोरावर द्राक्ष. आता उतारावर नजर टाकली की प्लास्टिक अंथरलेली तळी आणि त्यांच्या खाली बागा. जमीन हलकी, आबांच्या माळाची सख्खी बहीण शोभेल अशी.

पण ही सगळी खायची द्राक्षं. मणी मोठा, लांब, साल पातळ, बी नाही. इथला शेतकरी घडाचं वजन आणि मण्याची फुगवण यावर जगतो. मराठवाड्यात द्राक्ष येतं का, याचं उत्तर मिळालं: येतं. वाइनचं येतं का, ते मात्र पुढेच विचारावं लागणार.

5 ऑक्टोबर, दिंडोरी

भाच्याने सकाळी सहालाच बागेत नेलं. फळछाटणी चालू आहे. कात्र्यांचा आवाज ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

फ्रान्सातला वेल हिवाळ्यात पानं टाकून झोपतो आणि वसंतात जागा होतो, तेव्हा छाटणी वर्षातून एकदा, आणि द्राक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपल्याकडे त्याला झोपवायला थंडीच पुरेशी नाही. मोकळा सोडला तर बारा महिने वाढत राहील. म्हणून इथे कात्री दोनदा चालते. एप्रिलमध्ये खरड छाटणी: सगळ्या काड्या ओलांड्यापर्यंत कापून काढायच्या. उन्हाळ्यात नव्या काड्या येतात आणि त्यांच्या डोळ्यांत, बाहेर काहीही न दिसता, पुढच्या घडांची घडण होते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी: काडीवर मोजके डोळे ठेवायचे आणि तेच फोडायचे. द्राक्ष जानेवारी ते मार्चमध्ये उतरतं, कोरड्या हवेत आणि थंड रात्रींत. तीच दुसरी छाटणी जूनमध्ये केली असती तर माल भर पावसात सडला असता.

इथे माझ्या मनात एक गोष्ट बसली. वाइनवर लिहिणारे जागा, उतार, माती यांचा महिमा गातात. तो खोटा नाही. पण महाराष्ट्रात या सगळ्याच्या आधी छाटणीची तारीख येते. दहा दिवस अलीकडे किंवा पलीकडे छाटलं की तोच वेल, तीच माती, पण मणी वेगळ्या हवेत पिकतो. नाशिकच्या वाइनला आज भौगोलिक मानांकन आहे, त्यात भूगोलाइतकाच वाटा या कात्रीचा आहे असं माझं मत.

छाटणीमागून पेस्टिंगवाली टोळी येते. डोळे एकदम फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लाल रंगात कालवून काडीवर लावतात, कुठली काडी झाली ते कळावं म्हणून रंग. हे औषध अंगात गेलेल्या माणसाने दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, मळमळ सुटते. दारू पचवणारी शरीरातली रासायनिक साखळी ते मधेच अडवून धरतं. म्हणून या टोळीला आधी आणि नंतर काही दिवस दारूची सक्त मनाई. वाइनच्या बागेतली ही दारूबंदी आबांना सांगितली पाहिजे.

6 ऑक्टोबर, दिंडोरी

आजचा दिवस खड्ड्यात गेला, म्हणजे शब्दशः. उतारावर नवीन लागवडीसाठी माती पाहायचे खड्डे घेतलेत, माणूस छातीपर्यंत बुडेल असे. त्यात उतरलो. वर दीड फूट तांबूस करडी माती, तिच्यात खडे. खाली मुरूम, हाताने ओढला तर ढासळतो. त्याखाली मांजऱ्या खडक, त्याच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक. (असे नाशिककडचे झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत गेलेत, सिन्नरला तर त्यांचं गारगोटी नावाचं स्वतंत्र संग्रहालयच आहे.) जुन्या वेलाची मुळं मातीतून मुरुमात शिरून खडकाच्या भेगांत गेलेली दिसली. भेगेत चपटी झालेली, वहीत जपलेल्या पिंपळपानासारखी.

आमच्या पूर्णाकाठच्या शेतात असा खड्डा घेतला तर पुरुषभर काळीच लागेल. खडक दोन्हीकडचा एक, पण उतारावर माती थांबत नाही, धुपून खाली येते आणि सखल भागात साचते. लाखो वर्षं साचली की तिची काळी कसदार होते. त्या चिकणमातीला पाणी मिळालं की ती फुगते, सुकली की हात जाईल अशा भेगा पडतात. पाणी धरून ठेवण्यात तिचा हात धरणारी माती नाही. आणि नेमका हाच गुण वाइनच्या द्राक्षाला नडतो, असं भाच्याचं म्हणणं. वेलाला पाणी मिळत राहिलं की तो शेंडा वाढवत बसतो. पानांनी घड झाकले जातात, मणी फुगतो, पिकणं लांबतं. मुरुमात पाणी थांबत नाही. ठिबक बंद केलं की आठवड्यात वेलाला कळतं. मग शेंडा थांबतो आणि सगळं लक्ष घडाकडे.

"म्हणजे मामा, मुरूम पाणी देत नाही, म्हणून पाणी किती द्यायचं ते आमच्या हातात राहतं. तुमच्या काळीत ते मातीच्या हातात."

शिवाय वरचा वेल शिराझ या वाइनच्या जातीचा असला तरी खालची मुळं शिराझची नाहीत. महाराष्ट्रात बहुतेक बागा डॉगरिज या अमेरिकी खुंटावर कलम केलेल्या. युरोपने एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या किडीने बागा उद्ध्वस्त केल्या म्हणून अमेरिकी खुंट घेतला. आपण घेतला तो दुष्काळ आणि खारं पाणी सोसायला. डॉगरिज काटक आहे, पण दांडगा, भरपूर ओढतो आणि भरपूर वाढवतो. म्हणून आता वाइनसाठी 110 आर या खुंटाकडे ओढा आहे. मातीचं म्हणणं वेलापर्यंत पोचतं ते या खुंटाच्या तोंडून, आणि खुंट बदलला की निरोपही बदलतो.

8 ऑक्टोबर, दिंडोरी

रात्री पाऊस. पहाटे पाचला शेजारच्या मळ्यातून पंपाचा आवाज यायला लागला. तात्यांचा मळा. चार एकर, सेंद्रिय, माल वाइनरीला करारावर. त्यांनी छाटणी लवकर घेतली होती, फुटी पाच-सहा पानांवर आल्यात, घड दिसायला लागलेत. या अवस्थेत पान रात्रभर ओलं राहिलं की डाऊनी आलीच. पानावर तेलकट डाग, पालथ्या बाजूला पांढरी बुरशी, आणि घडात शिरली की घड काळा पडून जातो. रासायनिक बागवाल्याकडे आंतरप्रवाही औषध असतं, ते पानाच्या आत जाऊन काम करतं. तात्यांकडे बोर्डो. मोरचूद आणि चुना. ते वरच्या वर राहतं, बुरशी यायच्या आधी पानावर असेल तरच उपयोग, आणि पावसाने धुतलं की पुन्हा.

"भाऊ, लोकांला वाटतं सेंद्रिय म्हंजे फवारा नाही," तात्या म्हणाले. "आमचा पंप त्यांच्यापेक्षा जास्ती चालतो."

बोर्डोची हकिकत मजेची आहे. रस्त्याकडेच्या बागांतली द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून बोर्डोतले शेतकरी वेलांवर निळं-हिरवं काहीतरी शिंपडत. तेवढ्याच वेलांवर डाऊनी नाही हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने हेरलं आणि 1885 मध्ये हे मिश्रण जगापुढे आणलं. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ते टिकून आहे, पण निरुपद्रवी मुळीच नाही. तांबं जमिनीतून कुठे जात नाही, साचत जातं, गांडुळांना आणि सूक्ष्मजीवांना जाचतं. युरोपीय संघाने म्हणूनच हेक्टरी सात वर्षांत 28 किलोंची मर्यादा घातली आहे. सेंद्रिय म्हणून वापरायचं आणि तेच मातीतला जीव मारणार, हा पेच तिकडेही सुटलेला नाही.

तात्यांची दुसरी अडचण डोळे फोडण्याची. सायनामाइड सेंद्रियात चालत नाही. त्याच्याविना डोळे मागेपुढे फुटतात, एकाच वेलावर एक घड पिकलेला तर दुसरा हिरवा. तोडणी दोन-तीनदा करावी लागते, मजुरी तेवढ्या पटीत. थंड देशात हिवाळा जे काम फुकट करतो, ते इथे या औषधाकडून करून घ्यावं लागतं. सेंद्रिय द्राक्षाचा आपल्या हवेतला खरा अडसर हा आहे. शेणखताबद्दल सगळे बोलतात, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

पण तात्यांच्या मातीत हात घातला आणि मन फिरलं. वेलांच्या बुडाशी उसाच्या पाचटाचा थर, मधल्या पट्ट्यात ताग पेरून गाडलेला. पाचट सारलं तर खाली ओल, गांडुळांची विष्ठा, मातीला वास. रात्रभराच्या पावसाचं एक डबकं नाही. शेजारच्या बागेत, त्याच उतारावर, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत पाणी साचून राहिलेलं. आपल्याकडच्या जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास घुटमळतो. तो वाढला की मुरुमालाही थोडं पाणी धरता येतं आणि काळीलाही थोडं सोडता येतं.

9 ऑक्टोबर, गाडीत

परतीच्या वाटेवर. गंगापूर धरणाच्या काठाला बागा आणि वाइनऱ्या, शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रीघ. राजीव सामंत यांनी तिथे सुला वाइनरीची पहिली लागवड केली ती 1997 मध्ये. त्याआधी नारायणगावला शामराव चौगुल्यांनी शँपेनच्या धर्तीवर फेसाळ वाइन काढून ती परदेशी पाठवली होती. आणि नाशिकला द्राक्षाची गोडी त्याच्याही आधीची, ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी 1925 मध्ये बाग लावली तेव्हापासूनची.

हीच गोदावरी पुढे आमच्या शेजारून वाहते. वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की दर दुष्काळात नाशिक आणि मराठवाडा कोर्टात समोरासमोर. आम्ही तिकडच्या बागांकडे बोट दाखवतो, आणि आमच्याकडे काठाकाठाने ऊस उभा. वाइनच्या द्राक्षाला उसाच्या मानाने फार थोडं पाणी लागतं. हे वाक्य वसमतच्या पारावर बोलायची माझी छाती नाही.

14 डिसेंबर, वसमत

कडाक्याची थंडी. परभणीच्या कृषी विद्यापीठातला पारा नाशिककडच्या निफाडच्या पाऱ्याशी चढाओढ करतो, हे दर डिसेंबरला पेपरात येतं. म्हणजे थंड रात्री फक्त नाशिकला असतात हे म्हणणं टिकत नाही. आबांना सांगितलं तर खूश. मी म्हटलं, थांबा, फेब्रुवारी येऊ द्या.

हळद पोसायला लागली आहे. पानं अजून हिरवी.

20 जानेवारी

भाच्याचा फोन. फेसाळ वाइनचा माल आधीच उतरला, तो कमी साखरेवर आणि जास्त आंबटपणावर तोडतात. शिराझमध्ये पाणी उतरलंय, मणी मऊ पडून रंग चढतोय. ठिबक कमी केलंय. "मामा, आता या, चव बघायला."

11 फेब्रुवारी, दिंडोरी

तोडणी पहाटेच्या अंधारात, डोक्याला बॅटऱ्या लावून. सूर्य वर आला की काम बंद. मणी थंड असताना गाळला तर रस लवकर करपत नाही, आणि फुटलेल्या मण्यातलं आंबणं आपल्या आधी सुरू होत नाही.

भाच्याने दोन जागच्या शिराझचे मणी तळहातावर ठेवले. एक वरच्या मुरमाड तुकड्यातला, दुसरा खाली नाल्याकाठच्या काळीतला. खुंट तोच, छाटणी एकाच आठवड्यातली. वरचा मणी वाटाण्याहून थोडा मोठा, साल जाड, चावली की दाताला चिकटणारी, बी तपकिरी, कुरकुरीत, भाजल्यासारखं. खालचा चांगलाच मोठा, रसाळ, गोडही. पण गोडीच्या मागे काही नाही, आणि हिरव्या मिरचीच्या देठाचा उग्र वास. बी हिरवट. ब्रिक्स मोजलं तर दोन्हीकडे साखर जवळपास सारखीच, बावीसच्या पुढे.

खायला दिली असती तर मी खालचीच उचलली असती, आणि मुंबईच्या बाजारानेही. वाइनचा हिशेब उलटा आहे. रंग, तुरटपणा आणि बराचसा सुवास सालीत असतो. मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. काळीने पाणी आणि नत्र भरपूर दिलं, पानं दाट झाली, सावलीत घड पिकला, तो हिरवा वास त्या सावलीचा.

पण ऊन हवं तेवढंच. ओळी उत्तर-दक्षिण आहेत. पूर्वेकडची पानं काढून घडांना सकाळचं कोवळं ऊन दाखवलंय, पश्चिमेकडची तशीच ठेवली आहेत, कारण दुपारी तीनचं ऊन मणी भाजून काढतं. युरोपातले लोक सूर्य मिळावा म्हणून दक्षिणेचा उतार शोधतात. इथे सूर्य चुकवायची खटपट.

12 फेब्रुवारी, दिंडोरी

वाइनमेकर बाईंनी प्रयोगशाळेत बसवून घेतलं. येणारे पाहुणे पेला नाकाशी धरून "यात बसाल्टचा खडक जाणवतो" असं म्हणतात, त्याचं त्यांना हसू येतं. दगड पाण्यात विरघळून मुळातून मण्यात जात नाही. जातात ते क्षार, अगदी अल्प, आणि त्यांना दगडाची चव नसते. माती काम करते ती दुसऱ्या वाटांनी: पाणी किती, नत्र किती, पालाश किती, मूळ किती खोल.

पालाशाचं प्रकरण मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. आपल्या काळ्या जमिनी पालाशाने श्रीमंत, आणि डॉगरिज खुंट तो ओढण्यात पटाईत. रसात पालाश वाढला की तो टार्टारिक आम्लाला धरून खाली बसवतो. आंबटपणा घटतो, सामू चढतो. सामू चढला की तांबड्या वाइनचा रंग विटतो आणि नको त्या जिवाणूंना दार उघडं. त्यातून उष्णता. मण्यातलं मॅलिक आम्ल तापलेल्या दिवसांत मणी स्वतःच जाळून टाकतो. म्हणून उष्ण प्रदेशांत वाइनरीला वरून टार्टारिक आम्ल घालावं लागतं. बाईंनी ते लपवलं नाही, पोतं समोरच होतं.

"मग काळी जमीन बादच?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. बोर्डो भागातल्या पोमेरोलमधली पेत्रुस ही बाग जगातल्या सर्वांत महाग वाइनांपैकी एक देते, आणि ती उभी आहे निळसर चिकणमातीवर, आपल्या काळीच्याच स्मेक्टाइट कुळातल्या. पण तिथे उन्हाळा सौम्य, अक्षांश 45, आणि ती माती इतकी घट्ट की मुळं फार खोल जात नाहीत. तीच माती आपल्या सूर्याखाली आणि आपल्या पावसात वेगळी वागते. माती चांगली की वाईट हा प्रश्नच अर्धा आहे, असं मला त्या पोत्याकडे बघत वाटत राहिलं. कुठल्या हवेखाली आणि कुणासाठी, हे जोडल्याशिवाय तो पुरा होत नाही.

तात्यांच्या मालाची टाकीही दाखवली. रंग देखणा. पण रसात नत्र कमी, यीस्ट उपाशी, आंबताना कुजक्या अंड्याचा वास यायला लागला. बाईंनी यीस्टला खाद्य घालून टाकी मार्गी लावली. शेणखत आणि तागातलं नत्र हळूहळू सुटतं, त्याची वेळ वेलाच्या गरजेशी जुळली नाही तर असं होतं. तात्यांना हे कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "औंदा ताग आधी गाडू."

13 फेब्रुवारी

व्यवहार तात्यांनी मोकळेपणाने सांगितला. प्रमाणपत्राला बहुवर्षायू पिकाची तीन वर्षं रूपांतराची. त्या काळात खर्च सेंद्रियाचा आणि भाव साध्या मालाचा. त्यानंतरही थोड्या मालासाठी वेगळी टाकी ठेवायला वाइनरी सहसा राजी नसते, तो इतरांच्या रसात मिसळतो आणि सेंद्रियपणा तिथेच संपतो. मग करता का? खायच्या द्राक्षाची बाग होती तेव्हा 2010 मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशांमुळे युरोपने महाराष्ट्राची द्राक्षं अडवली होती, तेव्हापासून औषधाच्या बाटलीवरचा त्यांचा विश्वास उडाला, म्हणाले. आणि पाचटाखालची माती बघायला त्यांना आवडते.

दुपारी पारा तेहेतिसावर. घरी फोन केला, वसमतला छत्तीस.

2 मार्च, वसमत

हळद काढणी संपत आली. कुकर पेटलेत, शिवारभर उकडलेल्या हळदीचा वास. जेठे गड्डे वेगळे, बगल गड्डे वेगळे, हळकुंडं पत्र्यावर वाळायला. 2024 साली वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. हिंगोलीच्या मार्केट यार्डात त्याचा भाव अजून कुणी वेगळा लावत नाही. व्यापारी हळकुंड मोडतो, आवाज ऐकतो, आतला रंग बघतो, बोली लावतो. सेंद्रिय की रासायनिक, विचारत नाही. या बाबतीत तात्या आणि मी एकाच नावेत.

हळद पालाशाची भुकेली. द्राक्षाला जो पालाश जास्त होतो, तो कंदाला पोसायला लागतो. पाणी धरून ठेवणारी काळी तिला मानवते, फक्त बुडाशी साचू नये, नाहीतर कंदकुज. म्हणून गादीवाफे आणि ठिबक. गेल्या पावसाळ्यात दोन वाफ्यांवर उसाचं पाचट अंथरून पाहिलं होतं, दिंडोरीचं पाहून यंदा सगळ्याच वाफ्यांवर अंथरणार.

8 मार्च

आबांना सगळं सांगितलं. माळ चालेल. मुरूम उत्तम, निचरा उत्तम, कडवंचीसारखं शेततळं केलं तर पाणीही भागेल. पण आमच्याकडे पाऊस निफाडपेक्षा जास्त आणि तो ऑक्टोबरात रेंगाळतो, ऐन फुटीच्या वेळी डाऊनी. मणी पिकायच्या दिवसांत, फेब्रुवारीच्या मध्यापासूनच, ऊन नाशिकच्या पुढे पळतं. छाटणी लवकर घेऊन ते चुकवावं तर फुटी आणखी पावसात सापडतात. आणि समजा जमवलंच, तर माल नेणार कुठे? वाइनचं द्राक्ष तोडल्या दिवशीच गाळायला लागतं. इथून दिंडोरी चारशे किलोमीटरच्या वर, गाडी पोचेस्तोवर क्रेटमध्येच आंबायला लागेल.

आबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. "म्हंजे माळ पास, गाव नापास."

मग त्यांनीच सीताफळाचा विषय काढला. मुरूम चालतो, जनावर तोंड लावत नाही, माल हिंगोली-नांदेडात खपतो, आणि घरात कुणी काही बोलणार नाही. रोपं सांगूनही टाकली होती म्हणे, मला विचारायच्या आधीच. जूनच्या आत खड्डे व्हायला हवेत. दोन फुटी घ्यायचे की तीन, यावर आमचं अजून जमलेलं नाही. मी तीनवर अडून आहे, जेसीबीचा खर्च ते देणार आहेत.